सगळ्यात मोठं बटन

चंद्रपुरात आमचा स्टुडिओ म्हणजे सायकल दुकानाच्या वरची एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी, मधोमध कॉम्प्युटर. त्यावर गाणी भरायचे भाऊ, मी माइक लावायचो. भाऊ माझे भागीदार, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या मुसलमान घरातले. तरुणपणी लाकूड कापायच्या आरामशीनवर त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

कीबोर्डच्या दोन कळा एकदम दाबणं त्यांना जमत नसे. म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या कळा बदलून डाव्या हाताच्या आवाक्यात आणल्या, एका कामाला एकच. गाणं वाजवायचं टॅबवर. आणि सारं जग ज्या स्पेसबारवर गाणं वाजवतं, तिथे त्यांनी चुकलेलं पुसायची सोय केली. मी हसलो तर म्हणाले, "माणूस चुकतेच. मंग चुकीलेच सगळ्यात मोठं बटन पाहिजे ना बे!"

कुठेतरी लिहून ठेवा म्हटलं की चिडायचे. "हाताले माहीत हाये, कागद कशाले?" त्यांच्या शेजारी बसून बसून माझ्याही हाताला माहीत झालं.

पुढे भाऊ आजारी पडले, त्यांना नागपूरच्या दवाखान्यात हलवलं. जयंतीच्या आधी आमच्याकडे भीमगीतांच्या मंडळांची रीघ लागायची, म्हणून मी एक ऑपरेटर ठेवला. त्याने ऐकायला म्हणून स्पेसबार दाबला की भरलेला कोरस गायब. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मंडळ उठून जायला निघालं. मी मेनू उघडला आणि कळा कंपनीच्या मूळ ठेवणीवर आणून टाकल्या. एक टिचकी पुरली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्य अजून जिवंत होता. ते आले की पुन्हा लावतील, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. "माहे बटन तसेच हायेत ना?"

"हाव भाऊ, तसेच."

खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

आठवड्याने भाऊ गेले. कब्रस्तानात मी तीन मुठी माती टाकली. रडू आलं नाही, काहीच वाटलं नाही. परतताना चहा घेतला, त्यात साखर कमी होती, तेवढं मात्र कळलं.

चौथ्या दिवशी ऑपरेटर आला नाही, म्हणून मीच कॉम्प्युटरवर बसलो. कोरपन्याहून आलेली गायिका दुसऱ्या कडव्यात घसरली आणि थांबली.

"चुकलं भाऊ, पुसा."

माझा अंगठा आपोआप स्पेसबारवर गेला. रेकॉर्डिंग थांबलं, पण पुसलं काहीच नाही. मी पुन्हा दाबला. तिचं चुकलेलं कडवं खोलीभर वाजायला लागलं.

"काऊन वाजवून राह्यले? पुसा ना."

मी कळांकडे बघत राहिलो. बाकीचं जग चूक कुठल्या कळांनी पुसतं, ते मी कधी शिकलोच नव्हतो.