मुकी टाकी

सुधाताई बोलायला लागल्या की थांबत नसत, आणि गप्प बसल्या की आमची परीक्षा सुरू होत असे.

मांजलपूरच्या छोट्या ऑफिसात आम्ही सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. प्रत्येक टाकीला स्वतःचा एजंट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम: तो आपलं पाणी बघणार, शेजारच्या टाक्यांना विचारणार आणि कुठल्या घरांना कुणी पाणी द्यायचं ते आपसांत ठरवणार. ताई आमच्या प्रमुख. आधी आम्हालाच टाक्या करून खुर्च्यांवर बसवत. त्याशिवाय कोडची एक ओळ लिहू देत नसत. "आधी टाकी व्हा, मग शहाणपणा करा," असं त्यांचं म्हणणं.

खेळ रंगात आला की त्या मध्येच मुक्या होत. डोळे मिटलेले, मान खाली. आम्ही आपले "ताई, पाणी किती?" असं विचारत बसायचो. शेवटी त्याच वैतागत. "अरे, मी बंद पडले ना! उत्तर नाही म्हणजे टाकी गेली असं धरा आणि माझी घरं वाटून घ्या. तिकडे लोक तहानलेत आणि तुम्ही माझं तोंड काय बघताय?" मग वाडीतून आणलेली शेव-उसळ पुढे येई. "चालो, खाऊन घ्या. नापास झालात तर वांधा नाही."

नापास तर आम्ही दर वेळी होत होतो. त्यांची एक शाबासकी मिळावी म्हणून मी झुरत होतो.

त्या दुपारी ताई पुन्हा गप्प झाल्या. माझ्या शेजारच्या केयूरने दोनदा विचारलं, उत्तर नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि पटापट त्यांची घरं वाटून घेतली. एकही घर कोरडं राहिलं नाही. मला टाळी देत केयूरने गुजरातीत विचारलं, "ताई, आ वखते तो पास ने?"

ताईंची मान खालीच होती.

हृदय बंद पडलं होतं, डॉक्टर म्हणाले. लवकर कळलं असतं तर, असं मी विचारलं.

सॉफ्टवेअर आज चालू आहे. ताईंच्या नियमाला मी एकच जोड दिली. टाकी गप्प झाली की घरं वाटून घ्यायचीच, पण त्याच क्षणी तिच्याकडे माणूसही पाठवायचा. त्यासाठीचा फोन माझ्याकडे येतो. बहुतेक वेळा नुसती वायर सुटलेली असते. "सावकाश जा ना," केयूर म्हणतो.

मी धावतच जातो.