पाण्याचा दिवा

मला किळस लवकर येते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. कपाच्या कडेला सायीचा धागा चिकटलेला दिसला तरी माझा चहा तिथंच संपतो. त्यामुळे फाटकाशेजारच्या भिंतीवरचा तो जुना हॅलोजन मी बारा वर्षं कसा सहन केला, याचं आता मलाच नवल वाटतं.

पाचशे वॅटचा, पत्र्याच्या डब्यासारखा दिवा. काच एका कोपऱ्यात तडकलेली. त्या फटीतून पाखरं आत शिरायची आणि तिथंच भाजून निघायची. तळाशी पंख, पाय आणि आणखी कशाकशाचा तपकिरी थर साचला होता. दिवा तापला की त्याचा जळका, तेलकट वास ओट्यापर्यंत यायचा. शेजारी दोन पाली कायमच्या मुक्कामाला. एकदा बायकोनं बाहेरच्या ओट्यावर भाताचं पातेलं निवायला ठेवलं आणि अर्धवट भाजलेलं पाखरू वळवळत त्यात पडलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, दुसऱ्या दिवशीही भात नको म्हणालो.

तो दिवा रोज लावायचो नाही, एवढंच सुख. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही कोणत्या दिवशी याचा नेम नाही. आमच्या गल्लीत बहुधा दिवेलागणीनंतर. फाटकाजवळच्या खड्ड्यात उतरून नळाला मोटारीचा पाइप जोडायचा, त्यासाठी उजेड हवा. पाणी आलं की हॅलोजन लावायचा, टाकी भरली की घालवायचा. एरवी त्या घाणीला कोण हात लावतो?

यंदा उन्हाळ्यात मी एलईडी आणला. बसवायला वायरमन आला तो गुटख्यानं तोंड भरूनच. लाळ सांडू नये म्हणून मान वर करून बोलत होता.

"सेन्सरवाला है ना साहब, डायरेक्ट जोडता. अंधेरा हुआ के जलता, सुबह बंद. बटन को हातच लगाने का नै."

मला हे फार आवडलं. कशालाच हात लावायचा नाही, हे तर माझं आयुष्यभराचं स्वप्न. त्यानं हॅलोजन उतरवला, उलटा केला आणि आतला सगळा ऐवज माझ्या पायरीवर ठोकून ठोकून रिकामा केला. मग कढीपत्त्याच्या बुंध्यात पचकन थुंकला, डबा भंगारात घालतो म्हणून पिशवीत टाकला आणि गेला. मी फिनेल घालून पायरी दोनदा धुतली. त्या झाडाचा कढीपत्ता मी अजून खात नाही.

संध्याकाळी नवा दिवा आपोआप लागला. पांढराफटक, दवाखान्यातल्यासारखा. त्यात बायकोचा चेहरा आजारी दिसला, माझाही दिसत असणार. पण वास नव्हता, पाखरं आत जात नव्हती. मी खूश होतो.

त्याच संध्याकाळी समोरच्या घरातून मोटारीचा आवाज आला. कोरडी, घरघरणारी मोटार, हवा ओढत होती. समोर वैजापूरकडच्या एक मावशी एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही. समोर उभं राहून तोंड नीट उघडून बोललं तर ओठांवरून ओळखतात. मी फाटकातून हातवारे करून पाणी नसल्याचं सांगितलं. त्या हसल्या, आत गेल्या. दुसऱ्या दिवशी अंधार पडला आणि पुन्हा तेच. चार दिवस तो आवाज माझ्या डोक्यात जात राहिला. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मी बायकोला म्हणालो. पाचव्या दिवशी मोटार लागली नाही. सुटलो, असंही म्हणालो.

सहाव्या दिवशी साडेसातला पाणी आलं. चांगलं जोरात आलं. गल्लीतल्या बाकीच्यांना फोनवरच्या ग्रुपवर कळतं, त्यांच्या मोटारी लागल्या. आमची टाकी भरली, हौद भरला. उरलेल्या पाण्यानं मी स्कूटर धुतली आणि भिंतीवरचे पालींचे डागही ब्रश मारून काढले. समोर मोटार लागलेली नाही, हे मला दिसत होतं. माझ्या मनात काहीही आलं नाही.

सकाळी मावशी कळशी घेऊन फाटकात उभ्या. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे कधी चिमूटभर साखरही मागितली नव्हती.

"एक कळशी द्या भाऊ, पिण्यापुरती. काल पाणी आलतं म्हणं."

तुम्ही मोटार का नाही लावली, असं मी तोंड मोठं करून विचारलं.

"मला कुठं नळाचा आवाज येतोय? तुमचा पिवळा उजेड माझ्या सैपाकघरात पडायचा, तवा मी मोटार लावायचे. आता तुमचा दिवा रोजच लागतोय. चार दिवस लावली मोटार, पाणी नाय. मग म्हणलं, आता ह्या दिव्याचं काय खरं नाय."

तक्रारीचा सूर नव्हता. हवा बदलली म्हणावं तसं त्यांनी सांगितलं. बायकोनं कळशी भरून दिली, मी मागोमाग चार बादल्या नेऊन दिल्या. त्या नको नको म्हणत होत्या. परत येताना लखलखीत धुतलेली भिंत दिसली आणि मला स्वतःची किळस आली. ती काही फिनेलनं जाणारी नव्हती.

वायरमनला बोलावून सेन्सर काढायला लावला, बटण बसवून घेतलं. तो पुन्हा थुंकला. आता दिवा पाण्याच्या दिवशीच लागेल, असं मी मावशींना फाटकातूनच ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या कशालाही मान हलवतात, हे मी विसरलो.

पुढच्या आठवड्यात पाणी आलं तेव्हा मी आधी बटण दाबलं आणि समोर पाहत उभा राहिलो. मोटार लागेना. नीट पाहिलं तर त्यांच्या सैपाकघराच्या खिडकीला आतून जुनं कॅलेंडर चिकटवलेलं. पांढरा उजेड डोळ्यांत घुसत असणार.

मी धावत जाऊन दार हलवलं. कडी हलताना दिसली असावी. त्यांनी उघडलं आणि डोळ्यांवर हात धरला.

"कोण हाय? तोंड दिसंना."

माझा दिवा माझ्याच पाठीशी होता. मी पाणी आलं, पाणी आलं म्हणत राहिलो, आणि त्या माझ्या काळ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. शेवटी परत घरी गेलो, दिवा बंद केला, पुन्हा आलो. त्यांच्या दारातल्या साध्या बल्बखाली उभा राहून सावकाश म्हणालो, "पाणी आलं, मावशी."

त्यांनी ओठ वाचले. मग खात्री करायला, बारा वर्षांच्या सवयीनं, माझ्या खांद्यावरून आमच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं अंधार होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.

मी त्यांचा हात धरून त्यांना त्यांच्याच नळाच्या खड्ड्यापाशी नेलं, खाली बसवलं आणि तो हात पाण्याखाली धरला.