मोबाईलमधलं गुलाबी गाव

आमच्या घरच्या माणसाले, टेकचंदले, दोनच गोष्टी समजतेत, धान अन् तलाव. इटियाडोह धरणाचं पाणी आमच्या गावाले येत नाही, गावच्या जुन्या मालगुजारी तलावावर, मामा तलावावरच पिकते सारं. तो तलाव आम्हा कोहळी समाजाच्या पूर्वजायनं बांधला. दर उन्हाळ्यात पाळीवर, तलावाच्या बांधावर, माती टाकाची, घरोघरचा एक माणूस येते, अन् पुढे आमचे हे.

औंदा पाळीले भगदाड पडलं होतं. पावसाच्या आत बुजवलं नाही तर तलाव फुटन अन् धान वाळन. नेमकं तेव्हाच किराणावाल्या श्यामलालनं चौकात मोबाईल काढला. जमिनीखालचे नकाशे सरकारनं आता सगळ्यायसाठी खुले केले म्हणते. त्यात आमचं गाव पुरं गुलाबी.

"खदान येऊन राहिली. जमिनी गेल्या समजा," तो म्हणाला.

झालं. जाणाऱ्या जमिनीसाठी माती कायले वाहाची? पाळीवर कोणी फिरकलं नाही. हे एकटेच टोपलं घेऊन जात, अन् घरी येऊन ताट सरकवून देत. मी रडली, खोटं कायले सांगू. मंग मले राग आला. गेली सरळ दुकानात.

"दाखव तुझा मोबाईल. तुझं वावर तरी सुटलं का, पायते."

त्यानं आपलं गावच मोठं करून ठेवलं होतं. नातवाचे फोटो लहान करते तसा मी दोन बोटांनी नकाशा लहान केला. गुलाबी काही संपेना. नवेगाव गेलं, देवरी गेली, छत्तीसगडची हद्द गेली, तरी गुलाबीच.

"एवढं सारं खोदतीन तर सरकार बसन कुठी, भाऊ?"

 गल्ल्यावर बसलेल्या श्यामलालच्या सुनेनं, पुष्पांजलीनं, मोबाईल घेतला, रंगावर बोट ठेवलं अन् खाली आलेलं इंग्रजी वाचलं.

"काकू, हा रंग खालच्या दगडाचा आहे. कोणाची जमीन घ्याची असं इथं कुठीच नाही."

"मंग आधी काऊन नाही सांगितलं?"

"मामाजी मोबाईल हातात देतीन तवा ना."

मी तिथंच पोत्यावर बसली. जिवात जीव आला. घरी येऊन ह्यायले सांगितलं. ह्यायनं दोनदा भात मागून घेतला.

गोष्ट रातोरात गावभर झाली, अन् सकाळी पाळीवर सारं गाव. पहिलं टोपलं मीच भरलं, चांगलं दाबून, अन् श्यामलालच्या डोक्यावर ठेवलं.

"जड आहे वो वहिनी."

"आपल्याच जमिनीची माती आहे. उचल."

आमचे हे भगदाडात उभे राहून हसत होते. लई दिवसांनी.