येशूबाळाचं अंथरूण

बेबीताईंचा गळा कसा आहे हे बघायचं असेल, तर नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात जा. त्या मेथीची हाक देतात आणि पार रेल्वे फाटकापाशी उभा असलेला माणूस पिशवी शोधू लागतो. हाच गळा आमच्या छोट्या चर्चमध्ये बावीस वर्षं नाताळचं गाणं सांगतोय. त्यांनी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. मी शेजारी बसून ढोलकी वाजवतो, त्यामुळे माझा डावा कान त्यांनाच वाहिलेला आहे.

यंदा नाताळच्या आठ दिवस आधी त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला आणि खुणेनं सांगितलं, आवाज बसलाय, गाणं पूनमला द्या. पूनम म्हणजे शिवणकाम करणाऱ्या छायाची मुलगी, कायम मागच्या चटईवर बसणारी. चर्चमधल्या प्रीतिभोजनानंतर भांडी घासताना ती गात होती आणि बेबीताई भिंतीआड उभ्या राहून ऐकत होत्या, हे मी पाहिलं होतं. आवाज खरंच बसलाय का, अशी मला शंका आली. पण त्या आठवड्याच्या बाजारात त्यांनी मेथीही मुकाट्यानं विकली, आणि त्यांना तो उपासच होता.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये पूनम गाण्याची वही घट्ट धरून उभी राहिली. तेवढ्यात कुणाची तरी शेळी आत शिरली आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीतलं गवत खाऊ लागली.

"निंघ भाईर! येशूबाळाचं अंथरून खाऊन राह्यली, लाज नाही वाटत तुले?"

शेळी पळाली. खिडकीच्या काचा तेवढ्या वाजत राहिल्या.

पूनमनं वही मिटली. "मावशी, गळा तं खणखणीत हाय तुमचा. मंग तुम्हीच गा."

बेबीताईंनी मफलर सोडला. माझा कान आता पुन्हा कामाला लागणार, असंच मला वाटलं.

"खोटं बोलली मी," त्या म्हणाल्या. "तुले सरळ 'तू गा' म्हणायले जीभ उचलत नव्हती. येशूनं दुसऱ्यायचे पाय धुतले, मले साधी जागा सोडवत नव्हती. गळा बरा हाय, पण गाणं तुह्यं. मी मांगून म्हणीन."

आणि त्या मागच्या चटईवर, पूनमच्या जागेवर जाऊन बसल्या.

पूनमनं पहिली ओळ म्हटली. सगळ्यांनी ती मागून धरली, पण त्यात बेबीताईंचा आवाज शोधूनही सापडेना. मी वळून पाहिलं. डोळे पुसत त्या सगळ्यांएवढ्याच हळू गात होत्या. मला इतकं भरून आलं की हात थांबले.

लगेच मागून बाजारातली हाक आली, "ढोलकी वाजव बे! पोरगी एकटी पडून राह्यली!"