न खेळता मिळालेली जागा

आमच्या जिल्ह्याचा फुटबॉल संघ कसा निवडायचा, याचे नियम मी स्वतः लिहिले होते. एका पानाचे. त्यातला अन्यायही माझ्याच हातचा, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी इतरांवर तोंडसुख घेईन तेव्हा वाचणाऱ्याला वाटायचं, हा गृहस्थ कुठं तरी उंच बसून बोलतोय.

इंग्रज गेले होते. आमचा वऱ्हाड मात्र अजून मध्यप्रांताच्याच दावणीला होता आणि कागद नागपूरहून येत होते. चळवळीच्या दिवसांत मी पत्रकं लिहायला शिकलो. चळवळ संपली, पण हात थांबेना. मग बुलढाण्यातल्या कशावरही पत्रक निघू लागलं. वाचनालयात वर्तमानपत्र आधी वकिलांच्याच हाती का जातं, यावरसुद्धा मी एक काढलं होतं. अशा माणसाला बुलढाण्याच्या फुटबॉल क्लबानं चिटणीस केलं, कारण त्याचं अक्षर बरं होतं आणि छापखान्यात त्याची ऊठबस होती.

दिवाळीनंतर अमरावतीला साऱ्या वऱ्हाडाचे सामने होत. जिल्ह्याचा एकच संघ घेत. आमच्याकडून चार नावं आली: आम्ही, मेहकर, खामगाव आणि वरवट बकाल. चौथं नाव वाचल्यावर क्लबात हसू फुटलं. वरवट म्हणजे पूर्णा नदीच्या पल्याडचं, शेतीभातीचं मोठं खेडं. संघ माळ्या-कुणब्यांच्या पोरांचा.

"वांगे तोडता तोडता बॉल मारतात का बे ते?" कुणीतरी म्हणालं.

त्यांनी मेहकरला पाच गोलांनी हरवलं. आम्ही खामगावशी कसेबसे एका गोलानं जिंकलो. हसू थांबलं.

शेवटचा सामना बुलढाण्यात व्हायचा होता आणि जिल्ह्याच्या गावचा चिटणीस म्हणून तारीख मी ठरवायची होती. मी पोळा धरला. कचेऱ्या बंद, कोर्ट बंद, शाळा बंद. सगळं गाव मैदानावर येईल, असा माझा हिशेब. पत्रक छापलं, वरवटला टपालानं धाडलं. नियमही त्यातच होते: सामना चार वाजता, अर्ध्या तासात जो संघ मैदानावर उभा नसेल तो हरला.

आता पोळ्याला कुणी बैल जुंपत नाही, हे वऱ्हाडात शेंबडं पोरही सांगेल. आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. एकदा हे आवतन दिलं की मानेवर जू ठेवायचं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून जात्यावर बसवण्यासारखं. हे मला ठाऊक नव्हतं का? माझं आजोळच शेतीचं. पण तारीख धरताना मी सुट्ट्यांची यादी पाहिली. वरवटहून शेगावचं स्टेशन सहा-सात कोस, तिथून आगगाडीनं मलकापूर, मलकापूरहून मोटार राजूरचा घाट चढून वर येते. पहिला टप्पा बैलगाडीचा. तो माझ्या डोक्यात आलाच नाही.

इथपर्यंत चूक होती. चुकीला मी फार घाबरत नाही, चूक कबूल करून पत्रक काढता येतं.

पोळ्याच्या सकाळी मी छापखान्याच्या दारात उभा होतो. समोरच्या घरचे बैल धुऊन, शिंगांना बेगड लावून, झुली पांघरून बाहेर आले. घरधनीण ताट घेऊन त्यांच्या पायांवर पाणी घालत होती. आणि मला एकदम कळलं की वरवटची गाडी आज निघणार नाही. कालही निघाली नसेल.

तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सामना पुढं ढकलला असं सांगायला एक खडू आणि मैदानावरची फळी पुरली असती. रेफरी गल्लीतच राहत होता. मी काहीच केलं नाही. आत जाऊन बसलो. मेहकरला मारलेले पाच गोल माझ्या डोळ्यांपुढं होते.

साडेचारला रेफरीनं शिटी वाजवली. रिकाम्या अर्ध्या मैदानाकडं तोंड करून आमचे अकरा जण उभे होते, लोक टाळ्या वाजवत होते आणि एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "आता कोण कोणाले मारते?" आम्ही जिंकलो होतो.

वरवटची पोरं मावळतीच्या मोटारीनं आली. पहाटेच घरून पायी निघाली होती, शेगावला सकाळची गाडी चुकली होती. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, गळ्यात बांधलेली धोतरं, एकाच्या खांद्यावर जाळीत बॉल. त्यांचा कप्तान उंच, रापलेला, माझ्याच वयाचा. त्यानं भिंतीवर चिकटवलेला निकाल वाचला, दोनदा वाचला, मग विचारलं, "चिटणीस कोण?"

मी पुढं झालो.

"भाऊ, तुमच्यात पोळ्याले बैल जुंपतात का?"

"नाही."

"मंग हे तारीख कोणं काढली?"

"नियम आधीच छापले होते," मी म्हणालो. "पत्र पाठवायचं होतं."

"तुमचं पत्रक आमाले परवा भेटलं. आमचं पोस्टकार्ड तुमच्यापाशी पोळा झाल्यावर आलं असतं. आमी म्हटलं, बुलढाण्याचे लोक शिकलेले आहेत, थांबतीन." त्यानं समोरच्या शाळेकडं बोट केलं. "उद्या खेळू. आमी इथंच झोपतो, शाळेच्या वरांड्यात. एक सामना खेळू द्या. हरलो तर हरलो म्हणून जाऊ."

मी नाही म्हणालो. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी बोललो. ज्या तोंडानं मी तहसीलदाराच्या नियमांवर आग ओकत होतो, त्याच तोंडानं. ते सकाळच्या मोटारीनं गेले आणि त्याच मोटारीनं आमचं नाव अमरावतीला गेलं.

त्यानंतर पंधरवडाभरानं वाचनालयात वर्तमानपत्र माझ्या हाती आलं. जगातल्या देशांच्या फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांची बातमी होती. मी मोठ्यानं वाचून दाखवली, कारण आमच्याकडं कुणालाच ही भानगड ठाऊक नव्हती. देशांचे गट पाडतात. गटातले देश आधी आपसांत खेळतात. जो पुढं येतो त्यालाच मोठ्या सामन्यांत जागा. आमच्या गटातल्या इतर देशांनी नावं मागं घेतली होती, म्हणून आमचा देश एकही सामना न खेळता पात्र ठरला होता.

"वा! देशाचं नाव झालं!" एक वृद्ध वकील म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

माझं डोकं तापलं. नाव झालं? कशानं झालं? घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. "मैदानाला पाय न लावता मिळालेली जागा ही जागा नव्हे, ती दुसऱ्याच्या गैरहजेरीची पावती आहे. ज्याला हरायची संधीच दिली नाही त्याच्यावर विजय मिळवल्याचा टेंभा कुणी मिरवू नये." असं बरंच होतं. मला ते फार आवडलं होतं.

छापखान्यात खिळे जुळवणारा आमच्याच क्लबाचा गोलरक्षक होता. कमी बोलायचा. त्यानं सगळा मजकूर जुळवला, कच्ची प्रत काढून माझ्यापुढं ठेवलं आणि बोटं पुसत म्हणाला, "यातला 'देश' काढतो अन् 'क्लब' बसवतो. बाकीचे खिळे तसेच राहू देऊ का?"

मी त्याच्याकडं पाहत राहिलो.

"काऊन पाह्यतं बे? एकही ओळ बदलाव नाई लागत. मी वाचून पाह्यलं."

पत्रक निघालं नाही. दोन दिवस मी स्वतःशी भांडलो. देशाची गोष्ट वेगळी, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि ती वेगळी होतीही. ते शेजारी आपल्या मर्जीनं मागं हटले होते. आमच्या देशानं त्यांच्या सणाची तारीख मुद्दाम धरली नव्हती. उघडं दार दिसलं आणि कुणी आत गेलं, तर त्याला चोर का म्हणायचं? मग चोर कोण? मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं की सामना शिटीनं सुरू होत नाही, तो कुणीतरी तारीख लिहितो तेव्हाच सुरू होतो. तारीख लिहिणारा नेहमी गावात बसलेला असतो, त्याच्या दारावरून मोटार जाते. पूर्णेपलीकडच्यांना कुणी विचारत नाही. नागपूरकर आम्हाला विचारत नाहीत म्हणून मी पत्रकं काढली होती, आणि हातात एक पान नियम आल्याबरोबर मी तेच केलं होतं.

अमरावतीला पत्र टाकलं: तारखेची चूक माझी आहे, ती मला सामन्याच्या सकाळी कळली होती आणि मी गप्प बसलो. उत्तर चार ओळींचं आलं. यादी दसऱ्यापर्यंत बदलता येईल. दोन्ही संघांनी खेळून निकालाच्या कागदावर सही केली तर तो निकाल धरू, नाहीतर आधीचंच नाव कायम.

क्लबाची सभा म्हणजे मारामारी व्हायची बाकी होती.

"अमरावतीले कोणं लिवाले सांगतलं होतं तुले?"

"हातात आलेलं घालवून राह्यला हा, अन् वरून हरिश्चंद्र होऊन राह्यला!"

"हाव ना! एवढंच पोटात दुखत होतं तं त्याच दिवशी बोलाचं होतं."

गोलरक्षक भिंतीला टेकून बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "भेले का बे वांगेवाल्याले?" त्यानं काम झालं. भ्यालो नाही हे दाखवायला सगळे खेळायला तयार झाले. चिटणीसपद मात्र माझ्याकडून काढून घेतलं, तेही एकमतानं. मीही हात वर केला.

वरवटला निरोप घेऊन मीच गेलो. कप्तान मिरचीच्या वाफ्यात निंदत होता. मला पाहून उठला नाही. मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. सकाळचे नऊ, समोरचे बैल, मेहकरचे पाच गोल. त्याचा हात चालूच होता.

"म्हंजे तुले मालूम होतं." भाऊ आणि तुम्ही दोन्ही गेलं होतं.

"हो."

"अन् आमी घाट चढून येईपर्यंत तू निकाल चिकटवला."

"हो."

"माह्या बापानं इथं साऱ्या गावात सांगतलं का पोरं वेळेवर पोचले नाईत, झोपले असतीन. तवापासून पारावर गेलो का लोक म्हणतात, काय कप्तान, झोप झाली का?" त्यानं खुरपं मातीत रोवलं. "मले अमरावती नाई पाह्यजे. आमी हरलो का जिंकलो ते पाह्यजे. इथं येतान का खेळाले?"

"येतो."

"तारीख मी सांगतो."

त्यानं घटस्थापनेच्या आधीचा रविवार सांगितला. मी मान हलवली. मग त्यानं दोन हिरव्या मिरच्या तोडून, पुसून, भाकरीबरोबर माझ्यापुढं ठेवल्या. तो जेवणाला बोलावतो आहे की माझी जीभ भाजायची वाट बघतो आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी दोन्ही खाल्ल्या.

सामना गावाबाहेरच्या पडीत झाला. गोलाचे खांब पळसाचे, सगळं गाव कडेनं उभं, बाया बांधावर. मी आता क्लबात कुठल्याच पदावर नव्हतो, म्हणून रेषेवर निशाण धरायचं काम मला दिलं, आणि दोन्हीकडचे लोक मला शिव्या देत होते. वरवट सुंदर खेळलं. पहिल्या अर्ध्यात त्यांचा एक गोल झाला तेव्हा कप्तानाचा बाप पटका उडवत मैदानात शिरला, त्याला धरून बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या अर्ध्यात आमचे दोन झाले. दुसरा शेवटच्या मिनिटांत, कोपऱ्यावरून आलेल्या बॉलवर. मी निशाण खाली ठेवलं. तो गोल साफ होता. मी तो नाकारायला काही सापडतंय का म्हणून अगदी डोळे फाडून पाहिलं होतं, हेही सांगतो.

तर आम्ही जिंकलो. म्हणजे आधी चोरलं होतं ते शेवटी कष्टानं मिळालं, आणि लोक मला विचारतात, मग एवढा उपद्व्याप कशाला केलास? निकाल तर तोच राहिला. या प्रश्नावर मला अजून राग येतो. आमचा देश त्या मोठ्या सामन्यांना शेवटी गेलाच नाही. कुणी म्हणतं जहाजाचा प्रवास फार लांबचा, कुणी म्हणतं सराव नव्हता, कुणी आणखी काही. खरं काय, मला ठाऊक नाही. पण ती जागा सोडताना देशात कुणी रडलेलं मी पाहिलं नाही, आणि वरवटच्या पडीत सामना हरल्यावर दहा जण मातीत बसून रडताना मी पाहिले.

कप्तान रडला नाही. तो हातपाय धुऊन आला, निकालाचा कागद मागून घेतला आणि बापाला, पारावरच्या दोघा-चौघांना जवळ बोलावलं. आमच्या नव्या चिटणीसानं आकडे लिहायला लेखणी उघडली होती.

"थांबा. मी लिवतो."

त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला. वरवट बकाल, एक. बुलढाणा, दोन. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद बापापुढं धरून उभा राहिला.

"वाचा आता," तो म्हणाला. "मोठ्यानं वाचा."