शेवटच्या प्रश्नाची चिठ्ठी

ही गोष्ट मी आजवर तोंडातून काढलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल. किंवा सत्तरी उलटली आणि आता पोटात ठेवलेलं पचत नाही — अन्नही, आणि हेही.

तशी एवढीशी आहे. खून नाही, दरोडा नाही. एका परमिट रूममध्ये बसून एका कागदावर मी एक शब्द लिहिला. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, एवढ्यासाठी एवढं? म्हणा. पण आधी ऐकून घ्या.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा काळ. मी कचेरीत कारकून. बी.ए. झालेला. अक्षर मोत्यासारखं — असं साहेब म्हणायचे, आणि मलाही ते मान्य होतं. मिरकरवाड्याच्या वाटेवर बाबीशेठची परमिट रूम होती. बाबीशेठ वीस वर्षं परदेशी बोटीवर खानसामा होता, आणि कुठल्याशा थंड बंदरात त्यानं पाहिलं होतं की लोक ग्लास समोर ठेवून टेबलाटेबलानं सामान्यज्ञानाची स्पर्धा खेळतात. ते त्याच्या डोक्यात बसलं. त्यातून गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, निम्मी रत्नागिरी पीत नाही, धंदा थंड. तेव्हा दर गुरुवारी संध्याकाळी सातला स्पर्धा. न पिणाऱ्यांना लिंबू सोडा, पिणाऱ्यांना नेहमीचं, आणि सगळ्यांना खारे शेंगदाणे. बाबीशेठ चष्मा लावून लांबलचक वहीतून प्रश्न वाचायचा आणि आम्ही कॅलेंडरच्या फाडलेल्या तारखांच्या मागे उत्तरं लिहायचो. नियम कडक. एका टेबलाची एकच चिठ्ठी, लिहिणारा एकच, आणि खाडाखोड केली की उत्तर बाद.

आमच्या टेबलावर आम्ही तिघे. लिहिणारा मी — अक्षर, दुसरं काय. दुसरे मास्तर, शाळेत इतिहास शिकवायचे. मानेचा आजार, गळ्यात कायम पट्टा. कुणा पालकाने परमिट रूममध्ये पाहिलं तर काय, म्हणून दाराकडे पाठ करून बसायचे, आणि पट्ट्यामुळे मागे वळून पाहता यायचं नाही, म्हणून सारखं मला विचारायचे, “कोण आलं हो?” तिसरा यशवंत. येशा. ट्रॉलरवर खलाशी.

येशा आमच्यात कसा, असं सगळे विचारायचे. मीच आणला होता त्याला. लहानपणी आम्ही एका बाकावर बसायचो, मग नववीत त्याचा बाप समुद्रात बुडून गेला आणि याची शाळा सुटली. पण डोकं काय होतं म्हणून सांगू. ट्रॉलरवर एक ट्रान्झिस्टर, तो रात्रभर चालू; जगातल्या सगळ्या बातम्या, सगळ्या मॅची याच्या कानावरून गेलेल्या. जहाजांचे झेंडे बघून देश ओळखायचा. आठवडाभर समुद्रात काढून गुरुवारी आंघोळ करून, केसाला तेल लावून यायचा आणि खुर्चीच्या टोकावर बसायचा. टेबलावर हात ठेवायचा नाही. हाताला वास येतो म्हणून.

दिवाळीपासून आम्ही खेळत होतो आणि फेब्रुवारीत अंतिम फेरी ठरली. बक्षीस होतं भिंतीवरचं घड्याळ. मास्तरांना ते घड्याळ हवं होतं, मला नाव हवं होतं. आणि येशाला? ते फक्त मला माहीत होतं. अंतिम फेरीच्या आधी एकदा त्याने मला बाजूला घेतलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “आपण जिंकलो ना, तर मी सतरा नंबरचा फॉर्म भरीन. बाहेरून दहावीला बसीन. नाय जिंकलो तर समजीन, माझं काम नाय ते.” दुसऱ्या दिवशी मीच त्याला फॉर्म आणून दिला. माझं मन मोठं होतं हो, असं समजू नका. आणून देणाऱ्याचा हात वर असतो, ते मला आवडायचं.

त्या गुरुवारी काय झालं विचाराल, तर येशाने धमाल केली. तीन प्रश्न असे आले की मी गप्प, मास्तर गप्प, आणि हा अलगद पुढे वाकून माझ्या कानात उत्तर सांगतोय. कानात अशासाठी, की शेजारी वकिलांचं टेबल होतं आणि त्यांचे कान तीक्ष्ण. तिन्ही बरोबर. तिसऱ्या वेळी बाबीशेठ वही बाजूला ठेवून म्हणाला, “आज बी.ए.वाल्यांना खलाशी वल्हवतोय.” सगळी रूम हसली. मीही हसलो. मास्तरांनी येशाच्या पाठीवर थाप मारली.

शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि वकील बरोबरीत. बाहेर येशाचा तांडेल येऊन उभा, म्हणजे त्यांच्या ट्रॉलरचा म्होरक्या — भरती लागली, निघायचंय. येशानं त्याला हातानं थांबवलं होतं, एवढाच एक, एवढाच एक. बाबीशेठने प्रश्न वाचला. रात्रीच्या आकाशात सगळ्यांत तेजस्वी तारा कोणता?

मास्तर म्हणाले, “आकाशाचं मला विचारू नका, माझी मान वर होत नाही.” येशा उठला, माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “व्याध. मृगाच्या खालचा. व्याध लिही, मी चाललो.” आणि गेला. घाईत चपलासुद्धा हातात घेऊन पळाला.

मी ध्रुव लिहिलं.

आता मी तुम्हाला सांगणार होतो की माझी चूक झाली. लहानपणापासून ध्रुवबाळाची गोष्ट ऐकलेली, अढळपद वगैरे, तेव्हा तोच सगळ्यांत तेजस्वी असणार अशी समजूत. असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण इथवर आलोय तर खोटं कशाला? पेन टेकवताना मला वाटलं होतं की येशाचंच बरोबर असणार. जो माणूस रात्री आकाशाखाली काढतो त्याला कळणार नाही तर काय मला कळणार, कौलाखाली झोपणाऱ्याला? मला कळलं होतं. आणि तरीही मला त्याचं उत्तर लिहवेना. चौथ्यांदा तोच? मग मी काय नुसता लिहिणारा हात? असं ते. हेवा. दुसरं नाव नाही त्याला. माझं बरोबर निघालं तर निघू दे एकदा, असं म्हणून मी जुगार खेळलो — आणि डावावर जे लावलं ते माझं नव्हतं.

वकिलांनी व्याध लिहिलं होतं. घड्याळ त्यांच्याकडे गेलं. बाबीशेठने आमची चिठ्ठी बघून नुसतं “चूक” म्हटलं आणि बाजूला टाकली. मास्तरांनी मला विचारलं, काय लिहिलंत? मी म्हटलं, ध्रुव. मग ते म्हणाले, असं कुणी सांगितलं? त्यांच्या विचारण्यात राग नव्हता. सहज विचारलं होतं. मी म्हणू शकत होतो, मला वाटलं म्हणून. तीन शब्द. पण मी म्हणालो, “येशा म्हणाला.”

मास्तरांनी मानेचा पट्टा चाचपला आणि सुस्कारा सोडला. “घालवलंन् शेवटी,” एवढंच म्हणाले.

हे इथेच थांबलं असतं तरी मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण आठ दिवसांनी येशा आला. चेहरा हा असा उजळलेला, आल्या आल्या विचारतोय, घड्याळ कुणाच्या घरी लावलं? मास्तरांनी त्याला समजुतीने सांगितलं, की अरे, व्याध होतं ते, तू ध्रुव सांगितलंस, होतं असं, मनावर घेऊ नकोस. येशाने माझ्याकडे पाहिलं. “मी व्याध बोल्लो ना रे?”

बघा, देवाने दुसरी संधी दिली होती. टेबलावर वाढूनच ठेवली होती म्हणा ना. आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “नाही रे. ध्रुव म्हणालास. घाईत होतास.”

त्याने माझ्या खुर्चीकडे पाहिलं, मग दाराकडे. कान, तोंड, शब्द, सगळं पुन्हा आठवून पाहत असावा. मग हळूच म्हणाला, “असंल. घाईत होतो खरा.” मी खोटं बोलेन हे त्याच्या मनातच आलं नाही. त्याला स्वतःवर अविश्वास ठेवणं सोपं गेलं, माझ्यावर नाही. पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात माझ्या घरी आला, उंबऱ्याबाहेरूनच फॉर्म परत दिला, घडी न मोडलेला. म्हणाला, “राहू दे. माझ्या डोक्यात काय ऱ्हात नाय.” मी फॉर्म घेतला. चहा घेतोस का विचारलं. नको म्हणाला.

त्यानंतर कित्येक वर्षं मी रात्री वर बघत नसे. हसू नका. अंगणात हात धुवायला गेलो तरी खाली मान. थंडीच्या दिवसांत मृग डोक्यावर यायचा, त्याच्या पोटातले तीन तारे ओळीत, आणि त्या ओळीच्या रेषेत खाली तो — व्याध, लख्ख, कुणालाही दिसेल असा. आणि ध्रुव? उत्तरेला शोधा, सापडला तर सापडला.

माझी गोष्ट इथे संपली असती तर ती वाईट गोष्ट झाली असती. पण येशा माझ्या गोष्टीत मावणारा माणूस नव्हता. पाच वर्षांनी, जूनमध्ये, तो दारात उभा. हातात पेढ्यांचा पुडा. दहावी पास. त्याची मुलगी शाळेत जायला लागली होती, तिचा अभ्यास घेता घेता याने स्वतःच फॉर्म आणला होता, कुणाला न सांगता. ट्रॉलरवर कंदिलाखाली वाचायचा म्हणे. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि काय म्हणाला माहितीये? “तू बोल्ला होतास ना, घाईत होतास म्हणून. पेपरात घाई नाय केली. प्रत्येक उत्तर दोनदा वाचलं.”

माझ्या खोट्याचं त्याने हे केलं. मी पेढा खाल्ला. तेव्हाही बोललो नाही. तिसरी संधी ती.

पुढे तो मच्छीमारांच्या सोसायटीत हिशेबनीस झाला, मग सेक्रेटरी. मुलगी मास्तरीण आहे. तरी पाच वर्षं गेलीच ना त्याची? त्या पाच वर्षांत जे झालं असतं ते मी घेतलं. आणि मास्तर — ते गेले, येशाने घड्याळ घालवलं असं समजून गेले. ते आता मला दुरुस्त करता येत नाही.

येशा आणि मी अजून संध्याकाळी जेटीवर बसतो. गेल्या आठवड्यात त्याची नात बरोबर होती. अंधार पडला तसा तो तिला तारे दाखवायला लागला. तिने विचारलं, सगळ्यांत चमकणारा कुठला? आणि हा माणूस — त्याने बोट वर केलं, मग थांबला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “व्याधच ना रे?” सत्तरीला आलेला, आयुष्यभर त्याच आकाशाखाली काढलेला माणूस, समोर दिसणाऱ्या ताऱ्यासाठी अजून मला विचारतो. मी म्हटलं, हो, व्याधच. पोरीने मान वर केली आणि टाळ्या वाजवल्या. मीही वर बघितलं, कितीतरी वर्षांनी. फार छान दिसत होता.

घरी येऊन हे लिहायला बसलो. अक्षर आता थरथरतं, पण वाचता येतं. तुम्ही वाचलंत, आता हे कागद त्याच्याकडे न्यायचे आहेत. तो चष्मा लावील आणि सवयीप्रमाणे दोनदा वाचील. त्यावर तो काय म्हणेल ते त्याचं. मी वर एवढं लिहिलंय, खाडाखोड न करता:

येशा, तू व्याध म्हणाला होतास. मी ऐकलं होतं.