वृषालीच्या जागी दोन माणसे

तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात सुधाकररावांचे बी-बियाण्यांचे दुकान आहे. तिथल्या गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर वृषाली सात वर्षे बसते आहे. ती जैनथकडच्या एका शाळामास्तरांची मुलगी. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली आणि शहरातल्या कॉलेजात बी.एस्सी. करताना तेलुगू लिहू-वाचू लागली. फवारणीच्या औषधासोबतचा तेलुगू कागद वाचून पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याला त्याच्या बोलीत समजावणे, हे तिचे काम. पानावरचा डाग पाहून ती रोग ओळखते, आणि नको ते औषध मागणाऱ्याला तसे तोंडावर सांगते. गिऱ्हाईक दुकानाचे नाव घेत नाही. "मास्तरच्या पोरीकडं जाऊ" म्हणते.

इतकी अंगासरशी नोकरी तिने का सोडावी, हे सुधाकररावांना खरोखरच समजले नव्हते. वृषालीला मात्र दरवर्षी तेच कीटक, तेच कागद आणि तेच प्रश्न दिसत होते. एप्रिलमध्ये हैदराबादच्या एका बियाणे कंपनीने तिची निवड केली. चाचणीच्या शेतांवर नव्या वाणांच्या नोंदी घ्यायच्या, सीमेवरच्या शेतकऱ्यांशी बोलायचे. कॉलेजात शिकलेले पहिल्यांदा कामी येणार होते. एक जूनला रुजू व्हायचे होते, आणि त्यासाठी सुधाकररावांच्या सहीचे अनुभवाचे पत्र हवे होते.

"जा ना, पोरी. मी का तुले बांधून ठेवलं?" सुधाकरराव म्हणाले. "पन पेरनीच्या तोंडावर खुर्ची रिकामी सोडू नको. तुह्या जागी माणूस बसव, न् जा."

मागणी रास्त होती. वृषालीने आठ-दहा उमेदवार पाहिले. ती मुलाखत घेत नसे. उमेदवाराला खुर्चीवर बसवून समोर एखादे खरे गिऱ्हाईक आणत असे. बहुतेक जण पहिल्या गिऱ्हाइकालाच कंटाळले. शेवटी दोघे उरले.

रंजीता शहराला लागून असलेल्या मावल्याची. आई मराठी शाळेत शिक्षिका, त्यामुळे घरात पुस्तकी मराठी. शिक्षण तेलुगूतून, विषय वनस्पतिशास्त्र. औषधाचा कागद तिने एका दमात वाचला. मग समोर बसलेल्या धोंडीबांना, दुकानाच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाला, तिने विचारले, "आपल्या पिकावर कोणती लक्षणे आढळतात?"

धोंडीबांनी मागे वळून पाहिले. "हे मलेच इचारते का? बाई, तुमी पयले रेडिओवर होत्या काय?"

दुसरा अमर. तिशी ओलांडलेला, जैनथच्या रस्त्यावर दहा वर्षे ऑटो चालवलेला. शेतकरी त्याला नावाने ओळखत. पण तेलुगू कागद हाती देताच त्याने हात जोडले. "वृषालीताई, बोलाले सांगा, दिवसभर बोलतो. वाचाले नका लावू."

एकाला जे येते ते दुसऱ्याला येत नव्हते. दोघे मिळून मात्र एक वृषाली पुरी होत होती. तिने तसे सांगितले, आणि सुधाकरराव चटकन कबूल झाले.

"बसू दे दोघाईले. जिम्मा कोनाचा?"

"माहा," वृषाली म्हणाली.

या बाजारात कोणी कागद घेऊन नोकरी मागायला जात नाही. कोणीतरी त्याला घेऊन जाते. जो घेऊन जातो त्याचा जिम्मा. हंगाम सरेपर्यंत त्याने हाकेच्या अंतरावर राहायचे. आणलेला माणूस चुकला तर निस्तरायचे, निघून गेला तर स्वतः त्याच्या जागी बसायचे. मालकानेच त्याला काढले, तर मात्र जिम्मा सुटतो. गावाकडच्या कितीतरी मुलामुलींना वृषालीने असे दुकानादुकानांत लावून दिले होते, आणि दर वेळी हाच शब्द उच्चारला होता. या वेळीही तो सवयीने निघाला. आपण स्वतः निघालो आहोत, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात आले नाही.

रंजीताने खाजगी शाळेतली नोकरी सोडली. अमरने ऑटो विकला. वीस मेला वृषाली अनुभवाचे पत्र मागायला गेली.

"पत्र देतो," सुधाकरराव शांतपणे म्हणाले. "पन जिम्मेदारच गाव सोडून चालली, त ह्या दोघाईले मी कोनाच्या भरोशावर ठेवू?"

"काका, कामाची मानसं हायेत. तुमी पाहून राह्यले ना."

"मी त्याईले ओळखत नाई, पोरी. तुले ओळखतो. दुसरा कोनी जिम्मा घेत असन त पाह्य. नाई त त्याईले घरी पाठव, न् मोकळी हो. खुर्चीचं मी पाह्यतो."

दोघांना घरी पाठवणे तिच्याने होणार नव्हते. जिम्मा घेणारा शोधायला तिच्याकडे दहा दिवस होते. तिचे वडील तयार झाले. पण फवारणीतले मास्तरांना काय कळते, म्हणून सुधाकररावांनी त्यांना नाकारले. ती धोंडीबांकडे गेली.

"पोरी, म्या दुकानाचा जिम्मा घेतला, त मंग भांडू कोनाशी?" ते म्हणाले, आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

घरी आई, बयनाबाई, तूर निवडत होती. सगळे ऐकून ती म्हणाली, "काऊन इतकं पारखून आनली मानसं? एखादं बिनकामाचं आनलं असतं, त काकानं हाकललं असतं. तू सुटली असती."

जिम्मा घ्यायला कोणी मिळेना, तेव्हा वृषालीने कंपनीला हंगाम सरेपर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंतची मुदत मागितली. दोन दिवसांनी कंपनीतल्या अधिकारी बाईंचा फोन आला, तेव्हा ती दुकानातच होती. पेरणी कोणासाठी थांबत नाही, बाई म्हणाल्या. त्यांचा नाइलाज होता. मग त्यांनी विचारले, तुमच्याकडे, तुमच्यासारखी, दोन्ही भाषा येणारी दुसरी कोणी आहे का? शिफारस केलीत तर मुलाखतही घेणार नाही.

समोर खुर्चीवर रंजीता बसली होती. एका महिन्यात तिची जीभ सैल झाली होती. "बाप्पा, पानं काऊन मुरगळून राह्यली?" असे ती एका म्हाताऱ्याला विचारत होती, आणि म्हातारा न हसता उत्तर देत होता. त्या कंपनीसाठी हिच्याहून योग्य माणूस जिल्ह्यात नव्हता, हे वृषालीइतके कोणालाच ठाऊक नव्हते. रंजीता गेली तर मात्र ती खुर्ची, ते कागद आणि अमरचा जिम्मा, सगळे हंगामभर पुन्हा एकट्या वृषालीच्या अंगावर येणार होते.

"नाही," ती म्हणाली. "सध्या तरी कोणी नाही."

"कोणाचा फोन होता, ताई?" रंजीताने विचारले.

"कंपनीचा. बियान्याच्या."

रंजीताने मान डोलावली आणि म्हाताऱ्याला औषधाचा कागद वाचून दाखवायला घेतला. अमर त्याचे पोते उचलून बाहेर ठेवायला गेला. वृषाली तिथेच उभी राहून कागद ऐकत राहिली. रंजीताने सगळे बरोबर वाचले. दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.